चित्रातले पाणी आणि तरंगणारे पिंप

एम.ए.च्या वर्गात रसविचार शिकवताना श्रीशंकुकाचा 'चित्रतुरगन्याय' दरवर्षी येतो. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा आहे' असे म्हणतो. हे ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्यही नव्हे. रंगभूमीवरचा नट पाहून 'हा राम' अशी जी प्रतीती येते, ती याच जातीची असते, असे शंकुकाचे म्हणणे. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत आपल्यापर्यंत पोचले ते मुख्यतः अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त खंडनासाठी का होईना, पण नोंदवून ठेवले म्हणून.

काही वर्षांपूर्वी हा भाग शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण त्या घोड्यावर बसता आलं तर?"

वर्ग हसला, मीही हसलो. तास संपल्यावर मात्र तो लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्ये आला आणि त्याने मला 'हाफ-लाइफ २' हा २००४ सालचा संगणकीय खेळ दाखवला. त्या खेळात एके ठिकाणी पुढची वाट अडलेली असते. पाण्यावर तरंगणारी रिकामी पिंपे गोळा करून एका मोठ्या फळीखाली सोडायची, म्हणजे पिंपे फळीला खालून वर उचलतात आणि वाट मोकळी होते. कुणी न सांगता खेळणाऱ्याला हे सुचते, कारण पिंप तरंगते हे त्याला ठाऊक असते. मी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिलो आणि एक गोष्ट खटकली. पिंप पडले की थोडे शिंतोडे उडालेले दिसत, पण पाण्याची पातळी तसूभरही हलत नव्हती. पिंपाला पाणी कळत होते. पाण्याला पिंप कळत नव्हते.

प्रस्तुत लेख त्या खटकण्यातून निघाला आहे. संगणकाच्या पडद्यावरचे पाणी कसे घडत गेले आणि त्यावर तरंगणाऱ्या वस्तूशी त्याचे नाते केव्हा जुळले, याचा हा धावता इतिहास. विषय साहित्याचा नाही हे खरे. परंतु 'खरे', 'खोटे' आणि 'खऱ्यासारखे' यांचा झगडा इथेही आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे.

१

तरंगण्याचा पहिला शास्त्रशुद्ध विचार इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने केला. तरंगणाऱ्या वस्तूंविषयीचा त्याचा ग्रंथ दोन भागांचा आहे. पहिल्या भागात शाळेत आपण शिकतो ते तत्त्व आहे: वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या बलाने पाणी तिला वर ढकलते. दुसऱ्या भागातला प्रश्न अधिक अवघड आहे. वाडग्याच्या घाटाचा एखादा घन पाण्यात तिरपा करून सोडला तर तो पुन्हा सरळ होईल की कलंडेल? प्रत्येक होडीचा हाच प्रश्न असतो.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना या ग्रंथाचे चरित्रही रोचक वाटेल. त्याचा मूळ ग्रीक पाठ आज एकाच पोथीत मिळतो. दहाव्या शतकात नकललेली ही पोथी तेराव्या शतकात खरवडून तिच्या चर्मपत्रांवर प्रार्थना लिहिण्यात आल्या. १९०६ साली योहान हायबेर्ग या डॅनिश अभ्यासकाने कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्या प्रार्थनांखालची पुसट अक्षरे ओळखली. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ही पोथी २० लाख डॉलरला विकली गेली आणि पुढे बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कला संग्रहालयात तिचा पाठ आधुनिक प्रकाशचित्रण तंत्राने वाचण्यात आला.

आर्किमिडीजच्या तत्त्वात देवाणघेवाण आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. वस्तू पाण्याला सारते आणि पाणी वस्तूला उचलते. व्यवहार दुहेरी आहे. संगणकाने त्यातला अर्धाच भाग आधी उचलला, आणि उरलेला अर्धा मिळवण्यात बरीच वर्षे गेली.

२

आर्किमिडीजचे पाणी स्थिर होते. वाहत्या पाण्याची समीकरणे ऑयलरने १७५७ मध्ये प्रसिद्ध केली. नाव्हिए याने १८२२ मध्ये आणि स्टोक्सने १८४५ मध्ये त्यांत द्रवाच्या चिकटपणाचा विचार आणला. द्रव आणि वायू या दोहोंना विज्ञानाच्या परिभाषेत 'द्रायू' म्हणतात. नाव्हिए-स्टोक्स समीकरणे ही द्रायूंच्या गतीची समीकरणे होत. ती लिहायला चार ओळी पुरतात, पण सोडवायला विलक्षण अवघड आहेत. त्यांची उत्तरे नेहमी सुरळीत राहतात की मध्येच बिघडतात, एवढे सिद्ध करण्यासाठी क्ले गणित संस्थेने २००० साली १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले, यावरून त्या अवघडपणाची कल्पना यावी.

कागदावर सुटत नाही ते आकडेमोडीने जवळपास सोडवावे, ही कल्पना इंग्लंडच्या लुइस फ्राय रिचर्डसनने हवामानासाठी राबवली. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात होता. या काळातच त्याने २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचा सहा तासांचा 'अंदाज' हाताने गणित करून काढला. उत्तर आले: हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. १९१७ मध्ये लढाईच्या धामधुमीत हस्तलिखितही हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. रिचर्डसनने आपले चुकलेले उत्तर लपवले नाही. १९२२ च्या ग्रंथात ते सगळ्या आकड्यांसह छापले.

त्याच ग्रंथात त्याने एक कल्पनाचित्र रंगवले आहे. प्रचंड वर्तुळाकार सभागृहात ६४,००० माणसे बसून जगाच्या एकेका तुकड्याचे गणित करीत आहेत, आणि मधल्या उंच मनोऱ्यावरून एक जण वाद्यवृंदाच्या संचालकाप्रमाणे सर्वांना एका लयीत ठेवतो आहे. एवढी माणसे कशासाठी? तर गणिताने हवेच्या बरोबरीने धावावे म्हणून. उद्याच्या पावसाचे उत्तर परवा मिळून उपयोग नाही. ज्याला आज 'रिअल-टाइम' म्हणतात त्या कल्पनेचे हे आद्य रूप मानायला हरकत नाही. खेळाच्या पडद्यावर सेकंदाला तीस किंवा साठ चित्रे उमटतात. म्हणजे पाण्याचे सगळे गणित सेकंदाच्या तिसाव्या किंवा साठाव्या हिश्श्यात, तेही इतर शंभर कामे सांभाळून, संपवावे लागते.

३

संगणक आल्यावर द्रायूंच्या गणिताची एक मोठी कार्यशाळा अमेरिकेतील लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत उभी राहिली. १९६५ मध्ये फ्रान्सिस हार्लो आणि एडी वेल्च यांनी तेथे एक पद्धत मांडली. जागेचे चौकोनी घरांत विभाजन करायचे आणि पाणी कुठवर पोचले हे कळावे म्हणून त्यात खुणेचे असंख्य कण सोडायचे. हे कण प्रवाहाबरोबर वाहत जात, पण त्यांना वजन नव्हते. संगणकातल्या पाण्यावर वाहणाऱ्या या पहिल्या वस्तू पाण्याचे सगळे ऐकत. पाण्याला मात्र त्यांची दखल घ्यावी लागत नसे.

चित्रासाठी पाणी घडवण्याची वाट निराळी होती. १९८६ साली डॅलस येथील सिग्राफ परिषदेत दोन निबंध सादर झाले, एक डार्विन पीची यांचा आणि दुसरा अलँ फूर्निए व विल्यम रीव्ह्ज यांचा. दोन्हींचा विषय समुद्राच्या लाटांचे चित्रण हाच. फूर्निए-रीव्ह्ज यांनी आधार घेतला तो प्रागच्या गेर्स्टनर यांच्या १८०२ मधील सिद्धांताचा. त्यानुसार लाट पुढे जाते तेव्हा पाण्याचा कण पुढे जात नाही, तो जागच्या जागी वर्तुळात फिरतो. यातून सुंदर लाटा निघाल्या. पण त्यांचे सूत्र आधीच ठरलेले होते. त्यांत दगड टाकला तरी त्या तशाच येत राहणार. ती समुद्राची चित्रकला होती, आणि तेवढ्यापुरती उत्तम होती.

१९९० मध्ये ॲपलच्या मायकेल कास आणि गॅव्हिन मिलर यांनी मधला मार्ग काढला. पाण्याचे पूर्ण घनफळ विसरायचे, जमिनीच्या प्रत्येक बिंदूवर पाण्याची उंची किती एवढाच आकडा ठेवायचा आणि उथळ पाण्याचे सोपे केलेले समीकरण वेगाने सोडवायचे. आता थेंब पडला की वलये उठत, काठावर आपटून परतत. पण एका बिंदूला एकच उंची असल्याने लाट स्वतःवर वळून फुटू शकत नसे. वेग मिळाला तो पाण्याच्या स्वभावातला एक भाग सोडून देऊन. या इतिहासात हा सौदा पुनःपुन्हा दिसतो.

सिनेमाला या सौद्याची तेवढी निकड नव्हती. तेथे एका चित्राला तासन्‌तास लागले तरी चालतात. जेरी टेसेनडॉर्फ यांनी सांख्यिकीवर आधारलेले सागरचित्रणाचे जे तंत्र मांडले ते 'वॉटरवर्ल्ड' (१९९५) आणि 'टायटॅनिक' (१९९७) या चित्रपटांत वापरले गेले. पुढे ते 'रिदम अँड ह्यूज' या कंपनीत होते. तिचा एक स्टुडिओ त्या काळी मुंबईतही होता, आणि 'लाइफ ऑफ पाय' (२०१२) मधला वाघ आणि पुष्कळसा समुद्र याच कंपनीने घडवला. होडीचे चित्रण तायवानमधल्या ताइचुंग येथे बांधलेल्या खऱ्या पाण्याच्या टाकीत झाले आणि टाकीच्या पलीकडचा महासागर संगणकाने जोडला. ही होडी कुठे वळणार हे दिग्दर्शकाने ठरवलेले असते. प्रेक्षक ती वळवू शकत नाही. म्हणजे हा अजून शंकुकाचाच घोडा आहे.

४

खेळातली होडी मात्र खेळणाऱ्याच्या हाती असते आणि ती कधी कुठे वळेल हे आधी ठाऊक नसते. तेथे पाण्याचे गणित वेगाने व्हावे लागते आणि कोसळून चालत नाही. यातले 'कोसळणे' समजून घेतले पाहिजे. कूरांट, फ्रिडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्येच दाखवले होते की, गणितात काळाचे पाऊल फार मोठे टाकले तर चूक प्रत्येक पावलाला वाढत जाते आणि शेवटी आकड्यांचा स्फोट होतो. पडद्यावर पाणी क्षणात आकाशाला भिडते. पावले लहान टाकली तर स्फोट टळतो, पण वेळ पुरत नाही.

ही कोंडी १९९९ मध्ये जोस स्टाम यांनी 'स्टेबल फ्लुइड्स' या निबंधात फोडली. एरवीच्या पद्धतीचा प्रश्न असे: इथले पाणी पुढच्या क्षणी कुठे जाईल? स्टाम यांनी प्रश्न उलटा केला: आता इथे असलेले पाणी मागच्या क्षणी कुठे होते? तेथे मागे जायचे, आजूबाजूच्या घरांतल्या मूल्यांची सरासरी घ्यायची आणि ती इथे आणून ठेवायची. सरासरी ही मूळ आकड्यांपेक्षा मोठी होऊच शकत नाही. म्हणून पाऊल कितीही मोठे टाकले तरी स्फोट होत नाही. मागे वळून पाहण्याची ही युक्ती हवामानाच्या गणितात आधीपासून होती आणि तिचा एक उगम १९५२ मधल्या, कूरांट यांचाच सहभाग असलेल्या निबंधात आहे. २००३ मध्ये स्टाम यांनी खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत तिचे सुमारे शंभर ओळींचे रूप मांडले. त्यातला द्रायू पेटीत कोंडलेल्या धुरासारखा होता. त्याला उघडा पृष्ठभाग नव्हता, त्यामुळे तरंगायला जागाही नव्हती. पण पाया मिळाला.

याची किंमत मोजावी लागली. दर पावलाला सरासरी घेतल्याने लहान भोवरे विरतात आणि पाणी वाजवीपेक्षा लवकर शांत होते. स्टाम यांनी हे लपवले नाही. अभियांत्रिकीला लागणारी अचूकता या पद्धतीत नाही, आपल्याला हवे आहे ते पटणारे दिसणे, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. विंदा करंदीकरांमुळे मराठीत परिचित झालेल्या ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातला विचार इथे आठवल्यावाचून राहत नाही: शक्य असूनही न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य पण संभाव्य वाटणारी घटना कवीने पसंत करावी.

रिचर्डसनची चूक आरडाओरडा करीत होती. १४५ मिलिबार हा आकडा पाहताच जाणकाराने दचकावे असा. स्टाम यांच्या पद्धतीतली चूक शांत आणि देखणी आहे. ती चूक आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. या फरकाकडे परत येऊ.

५

आता तरंगणाऱ्या वस्तूकडे वळू. वस्तूने पाण्याचे ऐकायचे, हा एकेरी व्यवहार तुलनेने सोपा होता. १९९६ मध्ये निक फॉस्टर आणि दिमित्री मेटाक्सास यांनी हार्लो-वेल्च यांच्या पद्धतीवरून घडवलेल्या पाण्यात दाबाच्या आधारे तरंगणाऱ्या वस्तू दाखवल्या होत्या. उलट बाजूने, पाण्याने वस्तूचे ऐकणे, हे काम कठीण ठरले. २००४ मध्ये मार्क कार्लसन, पीटर मुखा आणि ग्रेग टर्क यांनी त्यावर एक नामी तोड काढली. घन वस्तूला क्षणभर द्रवच समजायचे, दोघांचे गणित एकत्र करायचे आणि मग वस्तूच्या जागेतल्या 'पाण्या'ला आपला आकार न सोडण्याची सक्ती करायची. दोन वेगळ्या भाषांत बोलणाऱ्यांची भेट घडवण्यासाठी एकाला थोडा वेळ दुसऱ्याची भाषा बोलायला लावावी, तसे हे होते. मात्र ते खेळाच्या वेगाने होण्यासारखे नव्हते.

खेळाच्या वेगाने हे साधणारा एक महत्त्वाचा निबंध २००७ च्या सिग्राफमध्ये आला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील जेम युकसेल, डोनाल्ड हाउस आणि जॉन कीझर यांची ही 'तरंगकणां'ची कल्पना. त्यांनी पाण्याचे कण मोजणे सोडून दिले आणि लाटेलाच कणांची माळ मानले. पाण्यावर वस्तू हलली की ती जेवढे पाणी सारते त्या प्रमाणात तिच्याभोवती तरंगकण जन्मतात. प्रत्येक कण आपल्यापुरता पृष्ठभागाचा लहानसा उंचवटा घेऊन सरळ रेषेत निघतो. वलय रुंदावले आणि शेजाऱ्यांमधले अंतर वाढले की कणाचे तीन कण होतात आणि उंचवटा तिघांत वाटला जातो. उंचवटा नगण्य झाला की कण नाहीसा होतो. या सगळ्या उंचवट्यांची बेरीज म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग, आणि तो पृष्ठभाग पुन्हा वस्तूला उचलतो, ढकलतो, अडवतो. होडीने लाट उठवली, ती पलीकडच्या पिंपाला लागली, पिंप डचमळले आणि त्याचीही लहान वलये होडीकडे परत आली. आर्किमिडीजच्या तत्त्वाचा हरवलेला अर्धा भाग असा परत मिळाला. २०११ मध्ये 'अनचार्टेड ३' या खेळातल्या समुद्रासाठी या पद्धतीचा आधार घेण्यात आला.

या पाण्यात काय नाही ते पाहा. खोली नाही, आतले प्रवाह नाहीत, लाट फुटत नाही. वास्तवाच्या कसोटीवर हे पाणी फार दरिद्री आहे. तरीही ते २००४ च्या नितळ, देखण्या आणि ढिम्म पाण्यापेक्षा अधिक खरे वाटते. कारण एवढेच की, त्याला वस्तू कळते.

२०१५ मध्ये जाक केर्नर यांनी खेळांतल्या होड्यांविषयी लिहिलेल्या लेखांत होडीचा सांगाडा लहान त्रिकोणांत विभागून, प्रत्येक त्रिकोण पाण्याच्या रेषेवर कापून, बुडालेल्या भागावरचा दाब बेरजेत घेण्याची रीत सविस्तर सांगितली आहे. होडी कलंडते की सावरते हे मग कुणी ठरवावे लागत नाही, बेरजेतून ते आपोआप निघते. पोथीतल्या दुसऱ्या भागाचा प्रश्न बावीसशे वर्षांनी असा सेकंदाला कित्येकदा सोडवला जाऊ लागला.

६

या इतिहासावरून मला जे दिसते ते असे. पडद्यावरचे पाणी स्वतःविषयी खोटे बोलले तर आपण ते सहज खपवून घेतो. भोवरे लवकर विरोत, लाटा न फुटोत. पण पाणी आणि त्यात पडलेली वस्तू यांच्या नात्यात खोटेपणा आला की तो ताबडतोब खटकतो. कादंबरीत आपला अनुभव वेगळा नाही. निसर्गवर्णन कितीही तपशीलवार असले आणि त्या निसर्गाला पात्रांची आणि पात्रांना त्याची काही झळ लागत नसेल, तर ते वर्णन पडद्यासारखे मागे टांगलेले राहते. चार ओळींत आलेली नदी मात्र कुणाचे तरी काही बुडवून जाते आणि खरी होते.

पण इथेच सावधही राहिले पाहिजे. परस्परांना प्रतिसाद देणारे जग पटते. आणि पटणे म्हणजे खरे असणे नव्हे. जहाज बांधणारा अभियंता तरंगकणांवर विसंबत नाही. १८७२ मध्ये विल्यम फ्राउडने टॉर्क्वे येथे जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून पाहण्यासाठी लांब कुंड बांधले, तशा कुंडांचा उपयोग आजही होतो. रिचर्डसनच्या चुकीतून पुढच्यांना शिकता आले, कारण ती दिसत होती आणि त्याने ती छापली. देखण्या चुकीतून शिकायचे तर ती करणाऱ्याने, स्टाम यांच्याप्रमाणे, आपण काय सोडून दिले ते आधी सांगायला हवे. अन्यथा पाहणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. आपल्या अभिरुचीला हा प्रश्न लहान वाटू नये. जे सहज पटते त्याच्याकडून हिशेब मागण्याची सवयच साहित्याच्या अभ्यासातून लागावी अशी आपली अपेक्षा असते.

तो विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. चित्रतुरगन्याय शिकवताना मी त्याचा प्रश्नही शिकवतो. घोड्यावर बसता आले तर काय? माझे उत्तर आता असे असते: तर तो घोडा हुबेहूब दिसतो की नाही याला फारसे महत्त्व राहणार नाही. आपण बसल्यावर त्याची पाठ वाकते की नाही, ते पाहावे लागेल. शंकुकाच्या चार पर्यायांत हे ज्ञान कुठे बसते, हा प्रश्न मात्र मी वर्गावर सोडून देतो.